नळी बसवली, काढायची तारीख कोण लक्षात ठेवणार?

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे कोयते, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. परत येतात ती उन्हाळा लागल्यावर. समजा, अशाच एका घरातल्या चाळिशीच्या माणसाला निघण्याच्या पंधरा दिवस आधी मुतखड्याची कळ आली. गडाबडा लोळायची वेळ आली, म्हणून घरच्यांनी नगरला नेले. दुर्बिणीने खडा फोडला, दोन-तीन दिवसांत घरी सोडले. दुखणे थांबले तसा माणूस फडावर गेला. पोटात एक नळी राहिली आहे आणि ती ठरल्या दिवशी काढायची आहे, हे मात्र तो विसरला. कागदावर लिहिले होते, पण कागद इंग्रजीत होता आणि पेटीत तळाला गेला होता.

या नळीला डीजे स्टेंट म्हणतात. दोन्ही टोके इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली असतात, म्हणून डबल जे. मूत्रपिंड (किडनी) आणि मूत्राशय (लघवीची पिशवी) यांना जोडणाऱ्या मूत्रवाहिनीत ती बसवतात. ऑपरेशननंतर आत सूज येते, खड्याचा चुरा उतरतो. त्या काळात लघवीचा रस्ता बंद पडू नये हे तिचे काम. बहुतेकांची नळी काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत काढतात. काहींना ती जास्त काळ ठेवावी लागते, पण मग ती ठरावीक मुदतीने बदलावी लागते. कायमची कोणतीच नळी नसते.

विसरलेल्या नळीवर लघवीतले क्षार बसू लागतात. आधी पातळ थर, मग नळीवरच खडा. नळी कडक होते, तुटू शकते. लघवीत जंतू वाढतात, थंडी वाजून ताप येतो, आणि किडनीवर दाब येत राहिला तर ती हळूहळू निकामी होते. वेळेवर आला असता तर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून पाच-दहा मिनिटांत निघणारी नळी, वर्षभराने दोन-तीन ऑपरेशने करूनही अवघड जाते.

मग ही तारीख लक्षात ठेवायची कोणी? नळी कधी काढायची हे डॉक्टर ठरवतात. रुग्णानेही ती लक्षात ठेवली पाहिजे. पण चांगल्या मूत्रविकार विभागात तिसरा एक माणूस असतो, ज्याच्या टेबलावर नळ्यांचे रजिस्टर असते. नाव, गाव, डावी बाजू की उजवी, नळीचा आकार, बसवल्याची तारीख, काढायची तारीख आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर भावाचा किंवा मुकादमाचा. तारीख उलटली आणि माणूस आला नाही, तर तो फोन करतो. हा माणूस म्हणजे युरोलॉजी तंत्रज्ञ. आपल्या मुलामुलींनी या कामाचा विचार करावा आणि रुग्ण म्हणून आपणही त्याला ओळखावे, यासाठी हा लेख.

तंत्रज्ञ करतो तरी काय?

सर्वांत साधी तपासणी लघवीच्या धारेची. तिला युरोफ्लो म्हणतात. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना पाणी पाजून, लघवी भरून आल्यावर यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायला सांगतात. यंत्र धारेचा आलेख काढते. सेकंदाला १५ मिलिलिटरपेक्षा जास्त वेग आला तर सहसा ठीक. १० पेक्षा कमी आला तर वाटेत अडथळा आहे किंवा पिशवीची ताकद कमी झाली आहे, अशी शंका घेतात. पण एकूण लघवी १५० मिलिलिटरपेक्षा कमी झाली असेल तर तो आलेख भरवशाचा नसतो. चांगला तंत्रज्ञ अशा वेळी कागद तसाच पुढे सरकवत नाही. आजोबांना पुन्हा बसवतो, पाणी देतो, दार लावून बाहेर थांबतो. कारण शेजारी माणूस उभा असला की पुष्कळांना लघवीच होत नाही.

दुसरे काम ऑपरेशन थिएटरमधले. दुर्बीण, प्रकाशाची केबल, कॅमेरा, लेसर, एक्स-रेचे सी-आर्म यंत्र, हे सगळे जोडून, तपासून तयार ठेवायचे. प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये आतली जागा स्पष्ट दिसावी म्हणून सतत पाणी सोडावे लागते. हे पाणी कोणते, यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो. मोनोपोलर यंत्रावर साधे सलाईन चालत नाही, कारण त्यातून वीज पसरते. तिथे ग्लायसीनचे द्रावण लागते. बायपोलर यंत्रावर सलाईन चालते. ग्लायसीन जास्त प्रमाणात रक्तात शोषले गेले तर रक्तातले सोडियम उतरते, रुग्ण गोंधळतो, ओकाऱ्या होतात, जीव धोक्यात येतो. म्हणून बाटली टांगण्याआधी लेबल वाचायचे, आत किती लिटर गेले आणि बाहेर किती आले याचा हिशेब ठेवायचा आणि फरक वाढला की लगेच डॉक्टरांना सांगायचे. या कामात संकोच उपयोगाचा नाही.

तिसरे काम शरीराला चीर न देता, बाहेरून धक्का-लहरी सोडून खडा फोडण्याच्या यंत्रावरचे. माणसावर हा उपचार पहिल्यांदा १९८० साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात झाला. रुग्णाला नीट झोपवायचे, एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर खडा नेमका धरायचा, कातडीवर जेल लावताना हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही (बुडबुड्यामुळे लहरीचा जोर वाया जातो), आणि धक्क्यांची ताकद हळूहळू वाढवायची. त्याआधी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? आणि बाईमाणूस असेल तर, दिवस गेलेले आहेत का? गरोदरपणी हा उपचार करत नाहीत. हा दुसरा प्रश्न सासू-नवऱ्यासमोर मोठ्याने विचारायचा नसतो. बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारायचा असतो.

स्वच्छता म्हणजे नुसता फिनेल नव्हे

एकाच्या लघवीच्या वाटेत गेलेली दुर्बीण तासाभराने दुसऱ्याच्या वाटेत जाणार असते. तिच्या बारीक पोकळीत रक्ताचा अंश राहिला तर औषधात कितीही बुडवली तरी ती निर्जंतुक होत नाही. म्हणून आधी ब्रशने घासून धुणे, लवचिक दुर्बिणीला गळती आहे का पाहणे, मग ठरलेल्या औषधात ठरलेली मिनिटे बुडवणे किंवा यंत्रात निर्जंतुक करणे, बुडवलेली असेल तर निर्जंतुक पाण्याने खळखळून धुणे, वाळवणे आणि वहीत नोंद. घाई आहे म्हणून वीस मिनिटांची दहा मिनिटे करणारा माणूस या कामाला नालायक समजावा.

लघवीच्या बाहेरच्या नळीची, म्हणजे कॅथेटरची शिस्तही अशीच. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाला फुगा असतो. लघवी आलेली दिसल्याशिवाय तो फुगा फुगवायचा नाही, नाहीतर मूत्रमार्ग फाटतो. फुग्यात निर्जंतुक पाणी भरायचे, तेही नळीवर छापले असेल तेवढेच. घरी आल्यावर आपण पाळायच्या गोष्टी: लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली राहील अशी अडकवा, पण जमिनीवर टेकू देऊ नका. नळीला पीळ पडू देऊ नका. पिशवी आणि नळीचा जोड उगाच उघडू नका. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा.

हे हलके काम नव्हे

लघवीचे, घाणीचे काम म्हटले की आपल्या समाजाच्या मनात एक जुनी जखम जागी होते. पिढ्यानपिढ्या हेच काम जन्मावरून आपल्या माथी मारले गेले, आणि आजही दवाखान्यात झाडूच्या कामावर कोण दिसते ते आपण पाहतो. म्हणून काही पालक म्हणतात, "मुलाला शिकवून पुन्हा तेच करायला लावायचे का?" प्रश्न रास्त आहे. पण जन्मावरून लादलेले काम आणि शिकून, परीक्षा देऊन, स्वतः निवडलेले काम यांत फरक आहे. इथे शरीरशास्त्र लागते, विजेची व किरणांची समज लागते, औषधांची नावे वाचावी लागतात. आजारी भिक्खू मलमूत्रात पडला होता तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हाताने धुतले, हा विनयपिटकातला प्रसंग आपल्या घराघरात सांगितला जातो. सेवा हलकी नसते. ती बिनशिक्षणाची, बिनमोलाची करून घेणे हा अन्याय असतो.

कौशल्य कोणालाही शिकवता येते, याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बाळंतपणे सांभाळली, गावाचे आजारपण ओळखायला शिकल्या.

शिक्षण कसे घ्यावे?

बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन झालेली बरी. त्यानंतर पदविका किंवा पदवी. केंद्राच्या २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्याने डायलिसिस आणि युरोलॉजी तंत्रज्ञ हे व्यवसाय आपल्या यादीत घेतले आहेत. त्या कायद्यानुसार अशा शिक्षणाचा कमीत कमी मापदंड २,००० तासांचा आणि दोन वर्षांचा आहे. तेव्हा "सहा महिन्यांत सर्टिफिकेट, नोकरीची हमी" अशा पाटीवर भुलून जमीन गहाण टाकू नका. तीन प्रश्न विचारा: विद्यापीठ कोणते? प्रत्यक्ष शिकण्यासाठी रुग्णालय कोणते? नोंदणी होते का? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल अभ्यासक्रमांची माहिती आधी घ्या. ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ होऊन पुढे मूत्रविकार विभागात काम शिकणे हाही रस्ता आहे.

पैशासाठी शिक्षण थांबवू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्जाच्या मुदती समाजकल्याण कार्यालयात विचारा आणि जात पडताळणी वेळेत करून ठेवा. मुलींनी तर या कामात यायलाच हवे. फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या, लघवी दाबून ठेवणाऱ्या आपल्या आया-बहिणींना जळजळ होते, ताप येतो, तरी पुरुषासमोर त्या तोंड उघडत नाहीत.

रुग्ण म्हणून आपण काय करावे?

सुट्टी होताना विचारा: "आत नळी ठेवली आहे का? कोणत्या बाजूला? कधी काढायची?" उत्तर मराठीत लिहून घ्या. तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा, त्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि वस्तीतल्या आशाताईंना सांगून ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेत असाल, तर नळी काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तेव्हाच विचारा. नळी असताना वारंवार लघवीला लागणे, लघवी करताना कमरेत दुखणे, थोडी लालसर लघवी होणे हे चालते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि ऊसतोडीला जायचे असेल तर ते डॉक्टरांना आणि तंत्रज्ञाला आधीच सांगा. जमत असेल तर निघण्यापूर्वीची तारीख मिळेल. नसेल जमत, तर कागद आणि एक्स-रे सोबत न्या. कारखान्याजवळच्या शहरातला मूत्रविकारतज्ज्ञही ती नळी काढू शकतो. त्या एका दिवसाची मजुरी बुडेल, पण किडनी वाचेल.