टायरची जन्मतारीख

२०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या चिरंजीवांनी जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. आपल्याच चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण तरुण पोरांचं तिच्यामागचं वेड काही थांबलेलं नाही. दिसायला चारचौघींसारखीच, पण आत बाराशे सीसीचं टर्बो इंजिन आणि १०५ अश्वशक्ती! पाय जरा जोरात पडला की पाठ सीटला चिकटते. पहिल्याच फेरीत मी ‘हळू रे बाबा’चा जप सुरू केला.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं, “टायरकडे दोन वर्षं बघायला नको.” ह्यांनी वाकून मागच्या टायरच्या खाचेत नाणं घालून पाहिलं. ते चांगलं खोल गेलं. ह्यांनी मान डोलावली, मी पेढे आणले, विषय संपला.

त्याच आठवड्यात आमच्या बचत गटातली एक मैत्रीण हप्त्याची वही घेऊन आली. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. गाडीभोवती कौतुकानं फिरली आणि मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. पदरानं टायरवरची धूळ पुसत म्हणाली, “वहिनी, हा टायर आमच्या व्हॅनमधल्या चौथीच्या पोरांच्या वयाचा आहे की हो!”

टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांपासून सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. आमच्या टायरवर होते १११६. म्हणजे २०१६ सालचा अकरावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख! मी इतकी वर्षं दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचते, औषधाच्या पट्टीवरची वाचते. आणि ज्याच्यावर घरची माणसं बसून एक्स्प्रेस वेवर जातात, त्याच्यावरही तारीख असते हे मला ठाऊक नव्हतं. नीट पाहिलं तर खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. गाडी फारशी फिरली नसेल तर नक्षी झिजत नाही, पण ऊन आणि हवा लागून रबर कडक होतंच. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनी, कितीही चांगला दिसला तरी काढावा, असं काही मोठ्या टायर कंपन्या सांगतात.

पुढचे दोन टायर वेगळ्याच कंपनीचे निघाले. तरुण होते, पण कडेनं झिजलेले. नियमानं नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. त्यासाठी खाचांमध्ये छोटे उंचवटे दिलेले असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की समजायचं. आमचे तिथवर आले नव्हते, पण फार लांबही नव्हते.

मग घरात परिषद भरली. चिरंजीवांना रुंद टायर हवे होते, “आई, ग्रिप वाढते!” मूळ माप १८५/६० आर १५. त्याच रिंगवर १९५/६० बसवू म्हणाला. मी कला शाखेची, तरी कागद-पेन्सिल घेतली. १८५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के उंची, १५ ही रिंग इंचात. (आर म्हणजे रेडियल, मला इतकी वर्षं ते रिंगचं आर वाटत होतं.) हिशेब केला तर मूळ चाक ६०३ मिलिमीटरचं, नवं ६१५ चं. म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन किलोमीटर जास्तच पळणार. मला काटा खोटा सांगणारी गाडी नको होती. माप मूळचंच राहिलं.

मापापुढे ८४ एच असं लिहिलेलं असतं. ८४ म्हणजे एका टायरनं पेलायचं वजन, ५०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत टिकण्याची क्षमता. टी अक्षराचा टायर १९० पर्यंतच, आणि स्वस्त. आमच्या पुढच्या जोडीवर टी होतं. “मी कुठे दोनशेनं जाणार आहे?” हा चिरंजीवांचा बिनतोड वाटणारा प्रश्न. पण ते अक्षर नुसत्या वेगाचं नसतं, वेगात टायर किती उष्णता सोसतो त्याचंही असतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अक्षराच्या खाली उतरायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं.

ह्यांचं म्हणणं, दोनच घेऊ आणि पुढे लावू, कारण इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. दुकानातल्या वयस्क कारागिरानं हसून मान हलवली. “साहेब, दोनच घेतले तरी नवे मागे. पावसात पुढचे घसरले तर स्टिअरिंगला कळतं, मागचे घसरले तर गाडी गोल फिरते.” ते ऐकल्यावर ह्यांनी चार घ्यायला होकार दिला. चारांचे मिळून पंचवीस हजारांच्या घरात गेले. माझी भिशी त्यात गेली, ते मी अजून ऐकवते.

टायर काढून आणल्यावर मी चश्मा लावून खाली वाकले. तीन ताजे होते, चौथा अडीच वर्षांपूर्वीचा. “मॅडम, गोदामात होता, वापरलेला नाही,” पोरगा म्हणाला. म्हटलं, दादा, दुसरा आणा. त्यानं कुरकुरत आणला. बॅलन्सिंग, अलाइनमेंट झालं. हवा किती भरायची ते पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर असतं, आणि ती टायर थंड असताना मोजायची. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि मग सिमेंटच्या रस्त्यावर फुटते. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर गुळगुळीत टायरच्या गाड्या तपासून परत पाठवायला लागले, ते उगीच नाही.

निघताना पोरगा म्हणाला, “जुने इथेच ठेवा, मागच्या दोघांचे पैसे देतो. नक्षी चांगली आहे, कुणीतरी घेऊन जाईल.” कुणीतरी म्हणजे कोण, हे मला कळत होतं, आमच्या गटातल्या तिघींचे नवरे सेकंडहँड टायरच लावतात. त्या दोन्ही टायरच्या बाजूवर कटरनं आडवा छेद द्यायला लावला आणि मगच गाडीत बसले.