चौदाचा आकडा

लॅबच्या रिपोर्टमध्ये एलडीएलसमोर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलसमोर, १४ छापून आलं, तर आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर म्हणतील, ‘काहीतरी घोटाळा दिसतोय, पुन्हा रक्त द्या.’ शंभरच्या आत आकडा आला तरी आपण घरी येताना मिठाईच्या दुकानाशी रेंगाळतो. पण २००६ साली अमेरिकेतल्या डॅलसमधून जाहीर झालेला तो १४ चा आकडा खरा होता. बाई बत्तीस वर्षांच्या, एरोबिक्स शिकवणाऱ्या, आई झालेल्या, ठणठणीत. पुढच्याच वर्षी झिंबाब्वेतल्या एकवीस वर्षांच्या तरुणीची अशीच नोंद झाली. तिचं एलडीएल पंधरा-सोळाच्या घरात होतं.

या दोघींच्या शरीरात पीसीएसके९ हे प्रथिन तयारच होत नव्हतं किंवा रक्तात उतरत नव्हतं. ते नसल्याने काय होतं, हे कळायला यकृतात डोकवावं लागेल. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. त्यांचं काम आपल्या घंटागाडीसारखं. रक्तातला एलडीएलचा कण उचलायचा, पेशीत नेऊन रिकामा करायचा आणि परत दारावर यायचं. एका फेरीला दहा-बारा मिनिटं लागतात आणि एक रिसेप्टर अशा शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. पीसीएसके९ चिकटलं, की मात्र ती गाडी परत येत नाही, थेट भंगारात जाते. हे प्रथिनच नसेल तर सगळ्या गाड्या रस्त्यावर आणि रक्त स्वच्छ.

हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा सुगावा आधी उलट्या बाजूने लागला होता. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत ते गरजेपेक्षा जोरात चालत असल्याचं दिसलं आणि तिथे कोलेस्टेरॉल भयंकर चढलेलं होतं. डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी मग साधा प्रश्न विचारला, की हेच जनुक बंद पडलेली माणसं कुठे असतील? त्यांनी सर्वांत कमी एलडीएल असलेल्यांचे नमुने तपासले. कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी सुमारे दोन टक्के लोकांत या जनुकाची एक प्रत निकामी निघाली. त्या १४ आकड्याच्या बाईंच्या तर दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

मला खरं चक्रावून टाकतो तो पुढचा हिशेब. एक प्रत निकामी असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं. पंधरा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की त्यांचा हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी. पन्नाशीनंतर स्टॅटिनच्या गोळ्या घेऊन साधारण तेवढंच एलडीएल उतरवलं, तर पाच वर्षांत धोका पाव ते एक तृतीयांशच घटतो. फरक पडतो तो वर्षांचा. धमनीच्या भिंतीत चरबी रोज थोडी थोडी साचते, कर्जावरच्या व्याजासारखी. यांचं मुद्दलच जन्मापासून कमी होतं.

हाच हिशेब उलटा लावला, की बायकांची अडचण कळते. फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आनुवंशिक आजार सुमारे अडीचशे माणसांत एकाला असतो. त्यात बहुधा रिसेप्टरच्याच जनुकाची एक प्रत निकामी असते. हा रिसेप्टर शोधला मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी, तेही डॅलसमध्येच, आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. उपचार न झाल्यास या आजाराच्या निम्म्या पुरुषांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. बायकांत साठीपर्यंत सुमारे तीस टक्के. हा फरक पाहून ‘बायकांना तसं काही होत नाही’ असं आपण मोकळेपणाने म्हणून टाकतो. इस्ट्रोजेन यकृताला जास्त रिसेप्टर बनवायला लावतं हे खरं, पण त्याने तारीख पुढे ढकलली जाते, रद्द होत नाही. पाळी गेली, की एलडीएल चढायला लागतं.

त्यात बाळंतपणं. मूल हवं म्हटलं, की बहुतेकदा स्टॅटिन बंद होतं आणि अंगावर पाजणं सुटेपर्यंत बंदच राहतं. गरोदरपणात कोलेस्टेरॉल एरवीही वाढतंच. दोन मुलं म्हणजे तीन-चार वर्षं औषधाविना, तीही जन्मापासून चढ्या एलडीएलवर काढलेल्या वर्षांच्या भरीला. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये गरोदरपणातली सरसकट मनाई काढायला सांगितली, पण बहुतेकींना आजही थांबण्याचाच सल्ला मिळतो.

आपल्याकडे आणखी एक घरगुती गोची आहे. डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला हार्टचा त्रास?’ आपण वडील, काका, आजोबा सांगतो. माहेरच्या मंडळींचा आजार सासरच्या फाइलमध्ये येतच नाही, आणि मुलांच्या फाइलमध्ये तर त्याहून नाही. वास्तविक रिसेप्टरचं जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे, पीसीएसके९ पहिल्यावर. लिंगाशी दोन्हींचा संबंध नाही. आईच्या बाजूची शक्यताही तितकीच, निम्मी. कधी मावशीच्या टाचेमागची कंडरा चिमटीत धरून पाहा. ती जाड, गाठाळ लागली, तर ते कोलेस्टेरॉल तिथे साचलेलं असू शकतं. पापणीच्या कोपऱ्यातल्या पिवळट चट्ट्यांचंही तसंच. दरवेळी कारण कोलेस्टेरॉल नसतं, पण पार्लरच्या आधी रक्त तपासायला काय जातं?

पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनं २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पुढे वर्षातून दोनदाच घ्यायचं इन्क्लिसिरानही आलं. एलडीएल निम्म्यावर येतं. त्या बाईंचं चौदाचं एलडीएल हा या इंजेक्शनांच्या निर्मात्यांचा मोठा आधार, कारण हे प्रथिन नसलं तरी माणूस धडधाकट राहतो, मूलही होतं, हे तिथे दिसलं होतं. पण गरोदर बाईला ही इंजेक्शनं सहसा देत नाहीत. तेवढी माहिती अजून जमलेली नाही.