कॅनडाचे शर्यतवीर: धाडस म्हणजे नेमकं काय?



आपण इथे बहुतेक वेळा लढाया, सेनापती आणि नकाशे यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा घेतलाय. आपले बरेच तरुण प्रेक्षक, मग ते इंदूरचे असोत, बडोद्याचे की बेंगळुरूचे, रविवारी फॉर्म्युला वनची शर्यत बघतात. त्यांचे आईवडील मला विचारतात, "साहेब, जिवावर उदार होऊन गोल गोल गाडी पळवायची, यात कसलं आलंय शौर्य?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी कॅनडाच्या ड्रायव्हरांच्या गोष्टीतून देणार आहे. कॅनडाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास आणि हिवाळा लांबलचक. आजवर फॉर्म्युला वनचा जगज्जेता त्या देशाने एकच दिला. तरीही धाडस या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला, ते या देशाच्या ड्रायव्हरांकडे पाहून फार चांगलं समजतं.

सुरुवात जिल व्हिलनव्हपासून करू. जन्म 1950, क्वेबेक प्रांतातला, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या कॅनडातला. हा पठ्ठ्या वेगात गाडी हाकायला शिकला तो बर्फावर. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरून पळणारी, पुढे स्की आणि मागे पट्टा असलेली गाडी. 1974 मध्ये तो त्या शर्यतींचा विजेता झाला. पुढच्या गाडीने उडवलेल्या बर्फात समोरचं काही दिसत नाही, गाडी सतत घसरत असते आणि ती घसरतानाच सावरायची असते. पावसातल्या शर्यतीत जिल इतरांपेक्षा सरस का ठरायचा, त्याचं मूळ इथे आहे. मी स्वतः डोंगरी भागात नोकरी केलीय. बर्फाळ घाटात चाकांना साखळ्या बांधून ट्रक नेणारे आमचे जवान ब्रेकवर फारसा भरवसा ठेवत नसत. गाडी कुठे जाणार आहे हे त्यांना आधीच कळायचं. ही समज पुस्तकातून येत नाही.

1977 मध्ये फेरारीने त्याला घेतलं. 1978 मध्ये माँट्रियलला, आपल्याच लोकांसमोर, त्याने पहिली ग्रां प्री जिंकली. 1979 मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ इथे दुसऱ्या क्रमांकासाठी तो रेने आर्नूशी झुंजला. शेवटच्या फेऱ्यांत दोघांची चाकं एकमेकांना घासत होती. ती शर्यत कोणी जिंकली हे आज अनेकांना आठवत नाही, ही झुंज मात्र आठवते.

मला विचाराल तर त्याचा सर्वांत मोठा पराक्रम त्याच वर्षी इटलीत मोंझाला घडला. संघाने ठरवलं होतं की विजेतेपद जोडी शेक्टरकडे जाऊ द्यायचं. जिल त्याच्या मागे अर्ध्या सेकंदावर होता. पुढे गेला असता तर स्वतःच्या विजेतेपदाची आशा जिवंत राहिली असती. तो गेला नाही. शब्द दिला होता, तो पाळला. वर्षअखेर अवघ्या चार गुणांनी तो उपविजेता ठरला. ज्याच्याकडे बेफिकीर म्हणून बोट दाखवलं जायचं, त्याची ही शिस्त होती.

पण एकच बाजू सांगणं बरोबर नाही. 1977 मध्ये जपानमधल्या फुजीच्या शर्यतीत त्याची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून हवेत उडाली. माणसांना मनाई असलेल्या जागी काही जण उभे होते, त्यांच्यावर ती कोसळली आणि दोघांचा जीव गेला. 1979 मध्ये हॉलंडमधल्या झांडव्होर्टला टायर फुटल्यावर तीन चाकांवर गाडी खेचत तो पिटमध्ये आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर जाणकारांनी त्याला बेजबाबदार म्हटलं. दोघांचंही चूक नव्हतं.

एप्रिल 1982 मध्ये इटलीतच, इमोलाला, संघाने वेग कमी करण्याची पाटी दाखवली. जोडीदार दिदिए पिरोनी तरीही त्याला मागे टाकून जिंकला. पाटीचा अर्थ जागा बदलू नका असा नव्हता, असं पिरोनीचं म्हणणं होतं. जिलच्या मते हा विश्वासघात होता. मोंझाला स्वतः शब्द पाळलेला माणूस तो, त्याला हे किती लागलं असेल याची कल्पना करा. तेरा दिवसांनी, 8 मे रोजी, बेल्जियममधल्या झोल्डरला पात्रता फेरीत त्याची गाडी पुढच्या संथ गाडीवर आदळली. त्याच संध्याकाळी तो गेला. वय 32, सहा विजय, जगज्जेतेपद नाही. माँट्रियलच्या ट्रॅकला त्याच वर्षी त्याचं नाव दिलं गेलं.

त्याचा मुलगा जाक तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे तोही याच मार्गाला लागला, पण त्याचा स्वभाव हिशेबी. 1995 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. अपघातानंतर ट्रॅकवर एक पेस कार येते आणि ती असेपर्यंत तिला ओलांडायचं नसतं. जाकने ती ओलांडली आणि दोन फेऱ्यांची शिक्षा घेतली. डोकं शांत ठेवून त्याने त्या फेऱ्या भरून काढल्या. शेवटाकडे आघाडीवर होता कॅनडाचाच स्कॉट गुडइयर. त्यानेही पेस कार ओलांडली, पण शिक्षेसाठी दाखवलेला काळा झेंडा मानला नाही. त्याच्या पुढच्या फेऱ्या मोजल्या गेल्याच नाहीत आणि शर्यत जाकने जिंकली. चूक दोघांकडून झाली. फरक पडला तो चूक झाल्यावर कोण कसं वागला याने. दोन वर्षांनी, 1997 मध्ये, जाक फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. बापाला जे मिळालं नाही ते मुलाने मिळवलं.

आता तिसरं नाव, ग्रेग मूर. ब्रिटिश कोलंबियाचा, लाल हातमोजे घालणारा, हसतमुख. 31 ऑक्टोबर 1999 रोजी कॅलिफोर्नियातल्या फोंटाना इथे त्याची गाडी आतल्या गवतावर घसरली, उलटली आणि भिंतीवर आदळली. वय फक्त 24. गवत दिसायला मऊ असतं, पण वेगात आडवी घसरणारी गाडी त्यात रुतते आणि कोलांटी खाते. डांबरावर ती सरळ घसरत राहते आणि तिचा वेगही उतरतो. नंतर तिथला गवताचा पट्टा डांबरी केला गेला. पुढच्या काही वर्षांत मानेला आधार देणारं साधन सक्तीचं झालं आणि धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या. फौजेत आम्ही म्हणतो, प्रत्येक नियमामागे कुणीतरी रक्त सांडलेलं असतं. इथेही तेच.

याचं फळ पुढच्या पिढीला मिळालं. जेम्स हिंचक्लिफ हा ग्रेगचा भक्त. 2015 मध्ये इंडियानापोलिसच्या सरावात गाडीचा लोखंडी भाग त्याच्या मांडीत आरपार घुसला. प्रचंड रक्त गेलं, पण बचाव पथक झटपट पोचलं आणि तो वाचला. वर्षभराने त्याच ट्रॅकवर, शंभराव्या इंडी 500 साठी, सर्वांत वेगवान फेरी मारून त्याने पहिली जागा घेतली.

आणि शेवटी रॉबर्ट विकन्स. ऑगस्ट 2018 मध्ये पोकोनोला भीषण अपघात झाला, मणक्याला इजा झाली, पाय गेले. 2022 मध्ये तो हाताने चालवायच्या ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या गाडीत परतला आणि त्याच वर्षी जिंकला. त्याच गाडीत त्याचा जोडीदार नेहमीसारखे पायाने पेडल दाबायचा. 2023 मध्ये त्या गटाचं विजेतेपदही त्याने जोडीदारासोबत मिळवलं.

आपला एक धागाही यात आहे. सध्या फॉर्म्युला वनमध्ये असलेला कॅनडाचा लान्स स्ट्रोल ज्या ॲस्टन मार्टिन संघाकडून चालवतो, तो संघ एकेकाळी आपला फोर्स इंडिया होता. 2018 मध्ये लान्सच्या वडिलांच्या गटाने तो घेतला.

तर आईवडिलांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जिलने हिंमत दाखवली, जाकने हिशेब, ग्रेगच्या मृत्यूने व्यवस्थेला जागं केलं आणि विकन्सने पुन्हा उभं राहण्याचा अर्थ दाखवला. या चौघांना एकत्र बघितलं की धाडस पूर्ण कळतं. फक्त पहिलं घेतलं आणि बाकीची तीन सोडली, तर उरतो तो नुसता उतावळेपणा. आपल्या देशात रस्त्यांवर दरवर्षी दीड लाखाहून जास्त माणसं मरतात. तिथे ना बचाव पथक उभं असतं, ना धक्का शोषणारी भिंत. मुलांना शर्यती जरूर बघू द्या. सोबत हेही सांगा की त्या ड्रायव्हरच्या अंगावर हेल्मेट, पट्टे आणि अग्निरोधक कपडे असतात, आणि ते न घालता तो गाडी सुरूही करत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.