मोरोपंतांचा मयूर

कऱ्हा नदीच्या काठी बारामती हे गाव आहे. पन्हाळगडावर १७२९ साली जन्मलेले कवी मोरोपंत पराडकर तरुणपणी येथे आले व बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथेच स्थायिक झाले. १७९४ साली त्यांचे देहावसानही येथेच झाले.

आपल्या काव्यात पंत स्वतःला वारंवार ‘मयूर’ म्हणवितात. ‘मोरो’ हे मोरेश्वर या नावाचे लघुरूप. त्याला त्यांनी संस्कृत वेष चढविला. (मोरेश्वराचे मोरगाव बारामती तालुक्यातच आहे, ही मोठी गमतीची गोष्ट होय!) पण कवी एकदा मोर झाला, की त्याला आळविण्यास मेघ हवा आणि कंठी केकाही हवी. केका म्हणजे मोराची आरोळी. म्हणूनच पंतांनी उतारवयात रचलेल्या प्रार्थनाकाव्याचे नाव ‘केकावली’. त्यातील प्रत्येक श्लोक ही एक केका, आणि परमेश्वर हा दयारूपी अमृताचा मेघ.

ही कल्पना पंतांना कोठून लाभली? संस्कृत काव्याचा त्यांचा व्यासंग दांडगा होता, आणि तेथे मोर व मेघ यांची मैत्री फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील मोर डोळ्यांत पाणी आणून केकांनी मेघाचे स्वागत करतात. ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात तर दिलीप राजाच्या रथाचा घरघराट ऐकून, हा मेघच गरजला असे वाटून, मोर माना उंचावतात व षड्ज स्वरात केका करतात. शिवाय राम आणि कृष्ण हे मेघश्याम. तेव्हा देवाला मेघ म्हणण्याची वाट भक्तांनी आधीच मळविली होती.

मग यात पंतांचे स्वतःचे असे काय? कालिदासाचा मोर सुखी आहे. मेघ आला म्हणून तो ओरडतो. पंतांचा मोर मेघ यावा म्हणून ओरडतो. अशी याचना करण्याचे काम जुन्या काव्यात चातकाकडे असे. पंतांनी चातकाची तहान मोराच्या कंठात घातली. आणि हा मोर नुसता विनवीत नाही, देवाशी वादही घालतो! अजामिळासारख्या पाप्याला तारणाऱ्या देवाने आपलीच उपेक्षा का करावी, असे तो विचारतो. रडणाऱ्या मुलाला आई कळवळून कडेवर घेते, याचीही त्याला आठवण देतो.

बारामती, इंदापूर हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. मृग नक्षत्र कोरडे गेले की आभाळाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘केकावली’तील मेघ त्याला पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.