तीन किलोमीटर आणि आपला अंदाज

(द्वितीय वर्ष, कला)

बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ साली ज्येष्ठांच्या गटासाठी तीन किलोमीटरची एक शर्यत होती. त्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या एक बाई नऊवारी लुगडे नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांचे नाव लता भगवान करे. कुटुंब मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले. पोटासाठी बारामतीजवळ येऊन मोलमजुरी करणारे. पती आजारी होते. डॉक्टरांनी एमआरआय तपासणी सांगितली होती आणि तिच्यासाठी लागणारे पैसे घरात नव्हते. शर्यतीला पाच हजार रुपयांचे बक्षीस आहे हे कळल्यावर लताबाईंनी नाव दिले. पुढच्या वर्षांतही ती शर्यत त्यांनी जिंकली. त्यांच्यावर निघालेल्या ‘लता भगवान करे’ या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. ती सांगताना लोक बहुधा ‘पतिप्रेमाची ताकद’ असे म्हणून थांबतात. प्रेम होते यात शंका नाही. परंतु नुसत्या प्रेमाने कोणाचे फुप्फुस मोठे होत नाही. धावायला प्राणवायू लागतो, इंधन लागते, तयार स्नायू लागतात. हे सर्व त्या बाईंच्या अंगात आधीपासून असलेच पाहिजे. मग ते आले कुठून? आणि ते आहे हे शर्यतीच्या दिवसापर्यंत कोणालाच कसे ठाऊक नव्हते?

या प्रश्नाच्या मागे मी का लागले ते आधी सांगते. गेल्या वर्षी क्रीडासप्ताहात मुलींच्या तीन किलोमीटर शर्यतीसाठी आमच्या वर्गाला चार नावे द्यायची होती. तीन मिळाली. चौथे माझे गेले, ते केवळ संख्या भरून काढण्यासाठी. आपल्या मैदानाची एक फेरी ३०० मीटरची, म्हणजे दहा फेऱ्या. मी मैत्रिणीला आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते, “चार फेऱ्या पळेन आणि बाजूला बसेन. पाण्याची बाटली तयार ठेव.” प्रत्यक्षात मी दहाही फेऱ्या पुऱ्या केल्या. १९ मुलींत पाचवी आले आणि वेळ लागला १८ मिनिटे ११ सेकंद. हा काही पराक्रम नव्हे. पहिली आलेली मुलगी माझ्या कितीतरी आधी पोचून बूट सोडत बसली होती. परंतु माझा माझ्याविषयीचा अंदाज निम्म्याहून अधिक चुकला होता. परीक्षेत इतका चुकीचा अंदाज कधी झाला नव्हता.

मैत्रिणीने बसल्या बसल्या माझ्या प्रत्येक फेरीचा वेळ मोबाईलवर टिपला होता. पहिली फेरी ८२ सेकंदांत. दुसरी १०० सेकंदांत. तिसरी, चौथी आणि पाचवी प्रत्येकी सुमारे दोन मिनिटांत. त्यानंतरच्या चार फेऱ्या प्रत्येकी सुमारे ११५ सेकंदांच्या. आणि शेवटची, दहावी, ८९ सेकंदांत. या आकड्यांत तीन किलोमीटरचे सगळे शास्त्र भरलेले आहे, असे शारीरिक शिक्षणाच्या सरांनी मला सांगितले. पुढे ग्रंथालयात बसून मी जे वाचले ते थोडक्यात मांडते.

स्नायूंना शक्ती पुरवण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत प्राणवायूवाचून चालते. ती झटपट असते, पण थोड्या वेळात आटते. शंभर मीटर धावणारा जवळजवळ तिच्यावरच धावतो. दुसरी रीत प्राणवायू वापरून साखर आणि चरबी जाळण्याची. ती सावकाश सुरू होते, पण एकदा लागली की तासन् तास चालते. तीन किलोमीटर हे अंतर ऐकायला थोडे वाटते. परंतु त्याला आपल्यासारख्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि एवढ्या वेळातली बहुतांश शक्ती दुसऱ्या रीतीनेच मिळते. म्हणजे ही शर्यत वेगाची कमी आणि श्वासाची जास्त.

अडचण अशी की हृदय आणि फुप्फुसे पूर्ण कामाला लागायला दोन-तीन मिनिटे घेतात. शिट्टी वाजताच मी इतरांबरोबर सुसाट सुटले आणि पहिली फेरी ८२ सेकंदांत काढली. त्या वेळी प्राणवायूचा पुरवठा पुरेसा सुरूच झालेला नव्हता. सारा खर्च उसनवारीवर चालला होता. तिसऱ्या फेरीत ती उसनवारी फेडण्याची वेळ आली. धाप लागली, मांड्या जड झाल्या, पोटात कळ आली आणि मनाने निर्णय दिला की संपले, एवढीच आपली कुवत. बहुतेक मुली याच जागी शर्यत सोडतात. वास्तविक ही कुवतीची हद्द नव्हे. चुकीच्या सुरुवातीची ती शिक्षा आहे. वेग थोडा उतरवला, की दोन-तीन फेऱ्यांत पुरवठा आणि खर्च यांचा मेळ बसतो आणि श्वास लागी लागतो. पाचव्या फेरीनंतर माझे असेच झाले. अठरा मिनिटे अकरा सेकंद दहा फेऱ्यांवर सारखी वाटली तर एका फेरीला १०९ सेकंद येतात. पहिल्यापासून त्याच चालीने गेले असते तर तेवढाच वेळ कमी त्रासात लागला असता. कदाचित कमीही लागला असता.

आता शेवटच्या फेरीकडे पाहा. नऊ फेऱ्या धावून दमलेली मुलगी दहावी फेरी ८९ सेकंदांत धावते. खरोखर शक्ती संपली असती तर हे घडलेच नसते. मोठमोठ्या धावपटूंच्या बाबतीतही असेच दिसते: शेवटचा टप्पा आला की दमलेले पाय वेग घेतात. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी यावरून असे मांडले की थकवा हा केवळ स्नायूंचा कारभार नाही. मेंदू राखणदारासारखा बसलेला असतो, किती अंतर उरले आहे याचा हिशेब करतो आणि शरीराला इजा होऊ नये म्हणून कोठारातले थोडे धान्य नेहमी मागे ठेवतो. हा सिद्धांत सर्व शास्त्रज्ञांना मान्य नाही. पण शेवटच्या फेरीची वस्तुस्थिती कोणी नाकारत नाही. जुन्या पुस्तकांत थकव्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडलेले आढळते. आता असे समजले जाते की लॅक्टेट हे विष नव्हे. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात.

पण कोठारात धान्य आधी पडले असेल तरच राखणदार ते मागे ठेवणार. ते पडते कसे? रोजच्या, बेताच्या, पुन्हा पुन्हा केलेल्या श्रमाने. भरभर चालणे, चढ चढणे, ओझे वाहणे यांनी हृदय एका ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते. स्नायूंत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. आणि पेशींत जिथे प्राणवायूने इंधन जळते त्या सूक्ष्म भट्ट्या वाढतात. शरीराला हे श्रम मैदानावर झाले की बांधावर, हे कळत नाही. ते सगळे सारखेच जमा करते. लताबाईंनी तोवर सारे आयुष्य मोलमजुरीत काढले होते. त्याला कोणी सराव म्हटले नव्हते, कारण त्याला मजुरी म्हणतात. शर्यतीने त्यांना ताकद दिली नाही. असलेली ताकद पहिल्यांदा मोजली, इतकेच.

माझ्या घरातले उदाहरण देते. आई हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या एका कंपनीत साफसफाईचे काम करते. शर्यत झाली त्या संध्याकाळी मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले, की मी तीन किलोमीटर पळाले. ती भांडी लावत होती. तिने विचारले, “तीन म्हणजे किती गं?” मी म्हटले, “आपल्या घरापासून तुझ्या कंपनीच्या गेटापर्यंत.” ती म्हणाली, “तेवढं तर मी रोज दोनदा जाते की.” मी म्हटले, “ते चालत.” ती म्हणाली, “चालत, पण घाईनं. सातची हजेरी असते.” दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेटापर्यंत गेले. एकतीस मिनिटे लागली आणि मला मधूनमधून पळून तिला गाठावे लागले. मीही सातवीपर्यंत वस्तीवरून शाळेत रोज चालतच जात असे. माझ्या दहा फेऱ्यांचे भांडवल कुठून आले, ते मला त्या सकाळी कळले.

स्त्रियांच्या बाबतीत हा अंदाज चुकण्याला शरीराबाहेरचेही एक कारण आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच ठेवली होती. जर्मनीच्या लीना राडके हिने ती विश्वविक्रमी वेळात जिंकली. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. तरीसुद्धा वृत्तपत्रांनी बायका कोसळल्याची वर्णने रंगवून छापली आणि ही शर्यत स्त्रियांना झेपत नाही असे ठरले. ती पुन्हा यायला १९६० चे रोम ऑलिंपिक उजाडावे लागले. १५०० मीटर आली १९७२ साली. तीन हजार मीटर आणि मॅरेथॉन १९८४ साली. म्हणजे आपल्या मैदानावर आज आपण संख्या भरण्यासाठी ज्या अंतरात नाव देतो, ते अंतर ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मिळून अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. शर्यतच नसेल तर मोजमाप नाही, आणि मोजमाप नसेल तर ‘झेपत नाही’ हेच खरे धरले जाते.

मोजमाप झाले की काय होते, याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे ललिता बाबर. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले मोही हे त्यांचे गाव, भाग दुष्काळी. लांब पल्ल्याच्या धावपटू म्हणून मुंबई मॅरेथॉनमध्ये त्यांनी नाव मिळवले आणि मग त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी पार करावी लागते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर धावण्याच्या मार्गावरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ही पहिलीच भारतीय स्त्री. आपला सर्वोत्तम वेळ त्यांनी सर्वांत मोठ्या स्पर्धेत दिला.

मात्र येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझा लेख ‘मनात आणले की सर्व जमते’ अशा थाटाचा होईल. प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्तातले हिमोग्लोबिन करते आणि त्याला लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दोन जिने चढून धाप लागणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणतो. तिला कदाचित उपदेशाची नव्हे, रक्ताच्या तपासणीची गरज असेल. माझ्या तीन वर्गमैत्रिणींपैकी एक सहाव्या फेरीत चक्कर येऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हते. तिचा अंदाज चुकला नव्हता. तिचा डबा राहिला होता.

आणि लताबाईंच्या शर्यतीचे कौतुक करताना एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या जिंकल्या म्हणून आपल्याला ही कथा ठाऊक झाली. त्या दिवशी त्या दुसऱ्या आल्या असत्या तर? अंगातली ताकद तेवढीच असती, पतीचा आजारही तोच असता आणि तपासणीचे पैसे मात्र नसते. शर्यत माणसाची कुवत दाखवू शकते. औषधपाण्याची सोय शर्यतीवर सोडणे बरे नव्हे.

आमच्या हिंजवडीपासून बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडापीठ जवळच आहे. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी ते उभारले. २०१३ साली, लताबाई बारामतीत धावल्या त्याच वर्षी, तेथे आशियाई मैदानी स्पर्धा झाल्या. लहानपणापासून महामार्गावरून जाताना त्याचे दिवे मी पाहत आले, पण ते आपल्यासाठी आहे असे कधी मनात आले नाही. हाही एक अंदाजच.

यंदाच्या क्रीडासप्ताहात ज्या मुली नाव देणार असतील त्यांच्यासाठी मी एवढेच सांगेन: आधी खाऊन या, पण शर्यतीच्या तोंडावर नको. छातीत दुखणे किंवा चक्कर असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पहिली फेरी अशी धावा, की शेजारणीशी एखादे वाक्य बोलता यावे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ‘संपले’ असे वाटेल. तेव्हा थांबू नका, वेग उतरवा. आणि फेऱ्यांचे वेळ कोणाला तरी टिपायला सांगा. माझे नाव या वेळी मीच दिले आहे. घड्याळ धरायला आई येणार आहे. त्या दिवशी तिची सुट्टी आहे.