जबलपूरची हाडे, भीमबेटकाचे पोळे

बरगी धरणाच्या बाजूने परिक्रमेला निघालेल्या मराठी मंडळींत एक समज आढळतो: जीवसृष्टीचा आरंभ नर्मदाकाठी झाला, म्हणून तर इथे डायनोसॉर सापडले.

डायनोसॉर सापडले, हे खरे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनसाहेबांना 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर त्यांची हाडे मिळाली. भारतातली ही पहिलीच. पण ज्या लमेटा खडकांत ती आहेत, त्यांचे वय जेमतेम सात कोटी वर्षे. पृथ्वी 454 कोटींची. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात सूक्ष्मजीवांच्या थरांतून घडलेले स्ट्रोमॅटोलाइट 348 कोटींचे. नर्मदा तेव्हा कुठली असायला! जुनेच काही पाहायचे असेल तर भेडाघाटचा संगमरवर बघावा. तो मुळात समुद्रतळाचा गाळ, दीडशे कोटी वर्षांहून जुना.

प्राणवायूशिवाय जीव नाही, हेही आपण गृहीतच धरतो. आरंभीचे जीव त्याच्याविनाच जगत होते. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांनी टाकाऊ म्हणून सोडलेला हा वायू हवेत साचू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि त्या काळच्या कित्येक जीवांना तो विषासारखाच होता.

सर्वांत गाजलेला गैरसमज मात्र शास्त्रज्ञांचाच. विष्णू श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकात, एका मोठ्या गुहेच्या छताजवळ पानासारखा, मधोमध शीर असलेला ठसा होता. तो डिकिन्सोनिया या सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा, असे 2021 मध्ये जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी ‘भारतातला सर्वांत जुना प्राणी’ म्हणून मथळे दिले. पुढे भूशास्त्रज्ञ जोसेफ मीर्ट यांच्या चमूने तो जवळून न्याहाळला, तर ठसा खडकापासून सुटत चालला होता. जीवाश्म असा सोलून निघत नाही. शेजारीच मधमाश्यांची ताजी पोळी होती. हा ठसा म्हणजे गळून गेलेल्या पोळ्याची खूण! 2023 मध्ये हे छापून आले आणि मूळ दावा करणाऱ्या रेटॅलॅक यांनी ते मान्य केले. विज्ञानाचे हसे झाले असे काहींना वाटले. मला तर ही त्याची खरी मर्दुमकी वाटते.

चित्रकूटच्या खडकांतला शोध त्यामानाने उपेक्षितच राहिला. तिथले लाल शैवालासारखे धागे 160 कोटी वर्षांचे असल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. क्ष-किरणांखाली त्यांच्या पेशींमधले पडदेही दिसतात.