टेम्पो दारात लागण्यापूर्वी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या कामगाराच्या वाट्याला बिऱ्हाड हलविणे आलेलेच असते. भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा. तो संपला की घरमालक भाडे तरी वाढवितो, नाहीतर खोली रिकामी करा म्हणतो. कारखान्याची जागा बदलली तरी तीच गत. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 साली सुरू झाला आणि 2007 साली आकुर्डीतील वाहनांचे उत्पादन थांबले. 2009 साली फोक्सवॅगन चाकणला आली. काम जिकडे जाते तिकडे संसार न्यावा लागतो. आणि नोकरी संपली की कोणी नांदेडला, कोणी लातूरला, कोणी वाशीमला आपल्या गावाकडे परत निघतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबावर असाच प्रसंग आला. भोसरीत अठ्ठावीस वर्षे नोकरी करून गृहस्थ निवृत्त झाले आणि नांदेडला जाण्याचे ठरले. मुलाने मोबाईलवर पाहून एका कंपनीला फोन लावला. सामान न पाहताच त्यांनी अठरा हजार रुपये सांगितले. सगळ्यांत स्वस्त म्हणून होकार दिला. सामान भरून झाल्यावर मुकादमाने एक कोरी पावती पुढे केली, "इथे सही करा, बाकीचे ऑफिसात भरू," म्हणाला. सही झाली. दुसऱ्या दिवशी फोन आला : सामान जास्त निघाले, एकतीस हजार द्या, नाहीतर गाडी गोदामातून हलणार नाही. व्याजाने पैसे काढून त्यांनी ते भरले. सामान पोचले तेव्हा कपाट चेपलेले आणि शिलाई मशीनचे चाक मोडलेले होते. त्या मशीनवर त्या माउलीने दोन मुलांची शिक्षणे पार पाडली होती. तक्रार करावी तर कागदावर काहीच नव्हते, फक्त त्यांची सही होती.

हे ऐकून आम्हाला आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण झाली. सावकाराच्या कोऱ्या कागदावर त्यांचे अंगठे उमटत होते, कारण त्यांना अक्षर शिकू दिले गेले नव्हते. आपण शिकलो. मग शिकलेल्या माणसाने कोऱ्या कागदावर सही का करावी? या लेखात आम्ही जे सांगणार आहोत त्याचे सार एवढेच आहे.

टेम्पो की कंपनी?

प्रथम आपली गरज ओळखावी. निगडीच्या ओटा स्कीममधून चिखलीला किंवा मोशीला जायचे असेल, सामान दोन खोल्यांचे असेल आणि चार भाऊबंद मदतीला असतील, तर छोटा हत्ती किंवा पिकअप टेम्पो पुरेसा होतो. मात्र टेम्पोवाल्याशीही सगळे आधी बोलून घ्यावे. भाडे एका फेरीचे की दिवसाचे? चढउतार त्यात धरली आहे काय? मजला कितवा, लिफ्ट चालू आहे काय, गल्लीत गाडी शिरते की सामान लांबवर वाहून न्यावे लागेल? चाकणच्या रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकतात, त्या खोळंब्याचे पैसे कोणाकडे? निघण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकाचा फोटो घ्यावा. एमपरिवहन ॲपवर तो क्रमांक टाकला की गाडीची नोंदणी व विमा चालू आहे की नाही ते दिसते.

लांबच्या गावी जायचे असेल किंवा फ्रीज, वॉशिंग मशीन, काचेचे सामान बरेच असेल, तर बांधणी करून नेणारी कंपनी सोयीची. परंतु तेथेच फसगत अधिक होते.

तीन ठिकाणी विचारा, घरी बोलवा

निदान तीन कंपन्यांकडे चौकशी करावी. फोनवर दर सांगणाऱ्यावर विसंबू नये. माणूस घरी येऊन, माळ्यावरचे आणि पलंगाखालचे सामान पाहून, यादी करून दर देईल तोच दर खरा. तिघांनाही तीच यादी द्यावी, म्हणजे तुलना नीट होते. दोघांचे दर जवळपास आणि तिसऱ्याचा निम्मा असेल, तर तो तिसरा उरलेले पैसे वाटेत वसूल करील असे समजावे.

या धंद्यात नावांची नक्कल फार चालते. एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून पाट्या लावतात. म्हणून नावावर जाऊ नये, पत्त्यावर जावे. रविवारी सवड काढून त्यांच्या कार्यालयात जाऊन यावे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत पत्ता सांगितला असेल तर तेथे खरोखर गाळा आहे काय, ते डोळ्यांनी पाहावे. जीएसटी क्रमांक मागावा. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या क्रमांकाची सुरुवात 27 ने होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की धंद्याचे खरे नाव व पत्ता समोर येतो. पावती फाडून गावोगाव माल पोचविणाऱ्या वाहतूकदाराला रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तोही क्रमांक विचारावा.

आणि सर्वांत चांगली चौकशी विहारात होते. रविवारच्या वंदनेनंतर विचारावे, गेल्या वर्षभरात कोणी घर हलविले, कोणाकडून हलविले, सामान कसे पोचले. मोबाईलवरची स्तुती विकत मिळते. शेजारणीचा अनुभव विकत मिळत नाही. तथागतांनी कालामांना हेच समजाविले होते की केवळ ऐकले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा.

विचारताना संकोच नको. आपल्यातल्या कित्येक भगिनींना वाटते, इतके प्रश्न विचारले तर समोरचा काय म्हणेल? प्रामाणिक धंदेवाईकाला प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो त्याला तेथूनच जयभीम करावा.

कागदावर काय हवे?

एकूण रक्कम, त्यात काय धरले व काय नाही (बांधणी, चढउतार, मजला, टोल, कर), सामान उचलण्याची व पोचविण्याची तारीख, आगाऊ किती व पोचल्यावर किती, हे सर्व लेखी घ्यावे. सगळे पैसे आधी देऊ नयेत. लांबच्या प्रवासात आणखी एक प्रश्न विचारावा : गाडी आपल्या एकट्याची की दुसऱ्यांच्या सामानाबरोबर? एकत्र सामान स्वस्त पडते, पण ते वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढते. तेवढी मोडतोड वाढते आणि दिवसही वाढतात.

आता महत्त्वाचे. 2007 च्या कायद्यानुसार माल देताना त्याची किंमत लिहून द्यावयाची असते आणि वाहतूकदाराने मालाची पावती द्यावयाची असते. 2011 च्या नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर भरला नसेल तर, नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. मात्र ती लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त होत नाही. म्हणजे पंधरा हजार भाडे असेल तर दीड लाखापर्यंत. पण आपण सामानाची किंमत पन्नास हजारच लिहिली असेल, तर पन्नास हजारच. म्हणून भांडीकुंडी धरून खरी किंमत लिहावी. किमतीची जागा कोरी सोडू नये.

विम्याच्या नावाखालीही घोळ होतो. बिलात काही टक्के 'विमा' म्हणून लावतात आणि पैसे खिशात घालतात. विमा फक्त विमा कंपनीच देऊ शकते. पैसे द्यावयाचे तर विमा कंपनीचे, आपल्या नावाचे कागद मागावेत. ते नसतील तर ती रक्कम बिलातून काढावयास सांगावी.

सामान भरताना

प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. फ्रीज, टीव्ही, कपाट यांचे बांधण्यापूर्वी फोटो काढावेत. दागिने, रोकड, बँकेची पुस्तके, भविष्यनिर्वाह निधीचे कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले हे आपल्याजवळच ठेवावे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र तर कदापि गाडीत टाकू नये. ते हरवले तर मुलाच्या शिक्षणाची आणि नोकरीची वाट अडते. भरलेला गॅस सिलिंडर सामानात घालू नये. एजन्सीत जाऊन कनेक्शन बदलून घ्यावे. बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची तसबीर आपल्या मांडीवर असावी, हे आम्ही सांगावयास नकोच.

उतरविल्यावर यादीप्रमाणे नग मोजावेत. मोडतोड दिसल्यास पोचपावतीवर तेथेच लिहावी आणि मगच सही करावी.

वाद झालाच तर

वाढीव पैशासाठी सामान अडवून धरले तर घाबरू नये. वाहतुकीसाठी सोपविलेला माल लबाडीने बळकाविणे हा फौजदारी गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये त्याची तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय 2018 साली झाले आणि चाकणही त्याच हद्दीत येते. लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी.

नुकसानभरपाईसाठी ग्राहकांच्या 1915 या क्रमांकावर फोन करावा. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पण माल हरवला किंवा मोडला असेल तर माल दिल्यापासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस देणे आवश्यक आहे, हे विसरू नये. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली एका वाहतूक कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

ओझे वाहणाराही आपलाच

शेवटी एक गोष्ट मनापासून. कंपनी फसवी असू शकते, पण चार मजले कपाट चढविणारा हमाल बहुधा आपल्यासारखाच, मराठवाड्यातून पोटासाठी आलेला असतो. हमालांच्या हक्कासाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. तरीही बिननोंदणीचे कितीतरी हात रोजावर राबतात. दर ठरविताना घासाघीस मालकाशी करावी, हमालाच्या मजुरीतून नको. आणि त्यांना पाणी आपल्याच पेल्यात द्यावे. पाण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला जाणाऱ्यांची आपण लेकरे आहोत.

ते भोसरीचे गृहस्थ आता नांदेडला सुखरूप आहेत. मशीनला नवे चाक बसले. गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याने चऱ्होलीहून तळेगावला घर हलविले. त्याच्यापुढेही कोरी पावती आली. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्याने पेन खिशात ठेवले आणि म्हणाला, "आधी भरा, मग वाचतो, मग सही." मुकादमाने मुकाट्याने पावती भरली. सामान ठरल्या पैशांत, ठरल्या दिवशी पोचले.

वाचक बंधू-भगिनींनो, हे कात्रण घरात ठेवा, आणि ज्यांचा करार संपत आला असेल त्या शेजाऱ्यांना वाचून दाखवा. जयभीम!